चिऱ्यातली घरटी: देवगड तालुक्यातल्या एका चिरेखाणीचे प्रकरण

प्रश्न असा आला. देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, बांधकामाचे चिरे कापण्याची खाण चालू आहे. तिच्या कापलेल्या भिंतींत बोटाएवढ्या जाड नळ्या, अंगठ्याएवढ्या गुळगुळीत पोकळ्या आणि मुठीएवढे गोळे दिसतात. ही कीटकांची जीवाश्म झालेली घरटी आहेत का?

भिंतीचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला होता. खाली कोणीतरी लिहिले होते की ही लाखो वर्षांपूर्वीची वाळवीची वसाहत आहे आणि त्या काळी कोकण म्हणजे आफ्रिकेसारखे गवताचे माळरान होते. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या एका सरांनी तो फोटो माझ्याकडे पाठवला. काही तरुणांचे म्हणणे होते की खाणीचा तो कोपरा राखून ठेवावा. खाणमालकाची अडचण उघड होती. पाऊस लागला की खाण पाण्याने भरते, त्यामुळे चिरे काढायचे ते मिरगाच्या आत. त्याने पहिल्याच भेटीत सरळ विचारले, "माका फक्त येवढां सांगा, खाण बंद करूची काय चालू ठेवूची?"

एका फोटोची इतकी दखल घेतली गेली, त्याला कारण आहे. कोकणातली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. तेव्हापासून सड्यावरची प्रत्येक रेघ, प्रत्येक खळगा लोक थांबून बघतात. मला हे आवडते. पूर्वी कातळ म्हणजे पडीक जमीन, एवढाच त्याचा हिशेब होता. फक्त कातळशिल्प माणसाने कोरलेले असते आणि ते बघताक्षणी कळते. कीटकाच्या घरट्याचे तसे नाही. निसर्ग स्वतःच दगडात इतकी भोके पाडतो की त्यातले कोणते कोणी राहण्यासाठी पाडले, हे ठरवायला बरेच खोल शिरावे लागते.

घरट्याला एवढे महत्त्व कशासाठी

कीटकाचे शरीर मातीत सहसा टिकत नाही. गुजरातमध्ये सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांपूर्वीचे कीटक डिंकात अडकून सुरेख टिकले आहेत, पण तसा डिंक सगळीकडे मिळत नाही. शिवाय डिंकातला कीटक तुम्हाला स्वतःबद्दल सांगतो, तो ज्या जमिनीवर वावरला तिच्याबद्दल फारसे सांगत नाही. परागकण वाऱ्याने कुठून कुठे जातात, हाडे ओढ्याच्या पुरात वाहून येतात. मातीत खोदलेले घरटे मात्र जिथे खोदले तिथेच राहते. पुढे ती माती गाडली गेली, घट्ट झाली, तरी घरटे त्या जमिनीचाच एक भाग असते. म्हणून एखादा जुना मातीचा थर कोणत्या हवामानात आणि कोणत्या झाडोऱ्याखाली तयार झाला, हे विचारायचे असेल तेव्हा अभ्यासक घरट्यांकडे वळतात.

घरटे बोलते, कारण कीटक जागेबाबत चोखंदळ असतात. मधमाश्यांचे पोळे आपल्या डोळ्यांसमोर असते, पण मधमाश्यांच्या कुळातल्या बहुतेक जाती एकट्या राहतात आणि त्यांतल्या पुष्कळशा जमिनीत बीळ करतात. बिळाच्या टोकाला सुरईच्या आकाराची कोठडी, तिच्यात पराग आणि मकरंद यांचा गोळा, त्यावर एक अंडे. हा साठा ओलावा शोषतो आणि पाणी शिरले की बुरशीने जातो. त्यामुळे मादी कोठडीची आतली भिंत गुळगुळीत घोटते, तिच्यावर शरीरातल्या ग्रंथीतून निघणारा पाणी अडवणारा लेप देते आणि तोंड मातीच्या चक्राकार बुचाने बंद करते. जागा निवडताना निचऱ्याची, बहुधा उघडी, उन्हाची जमीन बघते. अशी कोठडी जुन्या मातीत सापडली, तर ती जमीन वर्षातला निदान काही काळ तरी कोरडी राहत होती, हे कळते.

शेणकिड्याचे गणित निराळे. त्याला मोठ्या जनावरांचे शेण लागते. त्याच्या काही जाती शेणाच्या गोळ्यावर मातीचे कवच चढवतात, आत अंड्यासाठी लहानशी खोली ठेवतात आणि पिल्लू बाहेर पडते तेव्हा कवचाला गोल भोक राहते. वाळवीचे घर म्हणजे एकमेकांना जोडलेले सारख्या जाडीचे बोगदे, मध्ये दालने, आणि भिंतींना चावलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे अस्तर. आपल्याकडची वारुळे बांधणारी वाळवी आत बुरशीची शेतीही करते. पावसाळ्यात वारुळाच्या आसपास उगवणारी जी अळंबी कोकणात चवीने खाल्ली जाते, ती याच शेतातून वर येते. बुरशीच्या शेताचे जीवाश्मही मिळाले आहेत. आफ्रिकेतल्या चाड देशाच्या वाळवंटातले सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि टांझानियातल्या रुक्वा खोऱ्यातले, २०१६ साली प्रसिद्ध झालेले, अडीच कोटी वर्षांपूर्वीचे.

या सगळ्याची पद्धतशीर मांडणी अर्जेंटिनाच्या होर्हे हेनिसे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २००० साली त्यांनी असे मांडले की ज्या जुन्या मातीत शेणकिड्यांचे गोळे आणि त्यांच्या सोबतीची घरटी ठळकपणे दिसतात, ती माती उघड्या, गवत-झुडपांच्या जमिनीची समजावी. दहा वर्षांनी त्यात भर पडली: चुनखडीयुक्त मातीत माश्यांच्या कोठड्यांचे प्राबल्य असेल तर ती कोरड्या, विरळ झाडीच्या प्रदेशाची. वाळवीची घरटी जास्त असतील तर दाट, उष्ण, दमट जंगल, असाही एक गट मानला जातो. हा शेवटचा गट मला सगळ्यात कच्चा वाटतो. वाळवी देवराईत असते, आमराईत असते आणि सड्याच्या कडेच्या करवंदीच्या जाळीतही असते.

आमच्या खाणीच्या दृष्टीने सगळ्यात कामाचे उदाहरण उरुग्वेचे होते. तिथल्या पश्चिम भागातल्या असेन्सिओ थरांत, इओसीन काळातल्या (सुमारे साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या), लोहाने घट्ट झालेल्या लाल मातीत माश्यांच्या कोठड्या आणि शेणकिड्यांचे गोळे विपुल आहेत. म्हणजे जांभ्याच्या जातीच्या दगडात घरटी टिकू शकतात. भिंतीत मुरलेले लोह त्यांना उलट पक्के करते. "जांभ्यात कसले जीवाश्म" असे म्हणून फोटो बाजूला सारता येत नव्हता, तो यामुळे.

नळ्या

खाणीची भिंत पुरुषभर उंच. सगळ्यात वर जेमतेम हातभर काळपट, कडक कातळ. त्याखाली चिऱ्याचा थर, तांबडा, पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि तळाशी रंग फिका होत जातो. नळ्या चिऱ्याच्या थरात सगळीकडे होत्या. काही पोकळ, काहींत पांढरट चिकणमाती भरलेली.

जांभा कसा होतो हे माहीत असेल तर नळ्यांचे निम्मे कोडे सुटते. उष्ण हवामान, एका मोसमात धो धो पाऊस आणि मग कोरडा काळ, असे दीर्घ काळ चालले की मूळ दगडातला सिलिका, चुना, सोडा पाण्याबरोबर वाहून जातो. लोह आणि अ‍ॅल्युमिनिअम मागे उरतात. लोह एकाच जागी बसून राहत नाही. ओल्या दिवसांत हलते, कोरड्या दिवसांत थिजते, आणि जिथे थिजते तिथला दगड कडक होतो. मधल्या जागेत चिकणमाती राहते. भिंत उघडी पडली की ही चिकणमाती धुऊन जाते आणि मागे वेड्यावाकड्या नळ्या उरतात. जांभ्याच्या बहुतेक भोकांमागे एवढेच आहे. काही भोके झाडांच्या मुळांची असतात. जांभ्यातल्या नळ्या वाळवीमुळे होतात असेही काही संशोधकांनी सुचवले आहे. म्हणजे ग्रुपवरच्या त्या माणसाची कल्पना अगदीच हवेतली नव्हती.

मग भेद करायचा कशावरून? आम्ही भिंतीवर चौकट आखून तिच्यातली प्रत्येक नळी तपासली. वाळवीच्या बोगद्याची जाडी लांबवर सारखी राहते, कारण तो तिच्या अंगाच्या मापाने खोदलेला असतो. इथल्या नळ्या चार बोटांच्या अंतरात दुप्पट फुगत होत्या आणि पुन्हा आवळत होत्या. मुळाची नळी खाली निमुळती होते आणि तिला फाटे फुटतात. अशा काही मिळाल्या, पण थोड्या. सगळ्यात बोलका पुरावा भिंतीचा होता. कीटकाने बांधलेली भिंत भोवतालच्या मातीपेक्षा वेगळी दिसते. कण बारीक निवडलेले असतात, दाबून रचलेले असतात आणि अस्तराची कड स्पष्ट असते. आमच्या नळ्यांच्या आत तपकिरी लोहाचे पापुद्रे होते, एकावर एक, भिंतीकडून पोकळीकडे वाढत गेलेले. ते पाण्याने आणले. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरी पापुद्र्यांच्या मागचा दगड बाजूच्या दगडासारखाच होता. तिथे कोणी काही दाबलेले, रचलेले नव्हते.

दालने नव्हती, आणि नळ्या एकमेकींना जोडून जाळे करीत होत्या असेही कुठे दिसले नाही. नळ्यांचा प्रश्न इथे संपला.

गुळगुळीत पोकळ्या

फोटोत सगळ्यात फसव्या याच होत्या. लांबट गोल, आतून घोटल्यासारख्या, आणि काहींचे तोंड मातीने नीट बंद केलेले. माश्यांच्या कोठड्यांचे पुस्तकातले चित्र अगदी असेच असते. सरांचा सगळा भर यांच्यावर होता आणि तो चुकीच्या जागी नव्हता, कारण या पोकळ्यांत खरोखरच कीटकांची घरे निघाली. प्रश्न फक्त वयाचा होता.

तीन गोष्टी खटकल्या. पहिली, सगळ्या पोकळ्या खाणीच्या एकाच बाजूला होत्या. ती बाजू काही वर्षांपूर्वी कापून तशीच सोडलेली आहे. नव्याने कापलेल्या बाजूला एकही नाही. दुसरी, त्या लोहाच्या कडक पापुद्र्यांना छेदून जात नव्हत्या, आयत्या मिळालेल्या भोकात बसल्या होत्या. तिसरी, तोंडावरचे बूच नखाने खरवडले तरी सुटत होते, आणि चिऱ्यात ज्यावर पावसाळ्यामागून पावसाळे गेले त्या मातीला लोहाचा स्पर्श झाला नसेल, हे पटण्यासारखे नव्हते.

एक बूच काढले. आत कोळ्यांचे पाय होते, चिमूटभर धुळीत मिसळलेले.

कुंभारमाश्यांच्या काही जाती कोळी डंखून लुळे करतात आणि पिल्लांच्या शिदोरीसाठी कोठडीत भरून ठेवतात. त्यांतल्या काही स्वतः मातीचे घर बांधत नाहीत. दगडातले, लाकडातले, भिंतीतले तयार भोक शोधतात आणि आत मातीचे पडदे घालतात. कोकणात घराच्या वाशाला, खिडकीच्या चौकटीला, टीव्हीच्या मागे सुद्धा अशी माती चिकटलेली दिसते. खाणीच्या तळाशी साचलेल्या डबक्याचा चिखल हाताशी, भिंतीला हजारो भोके आयती. यापेक्षा चांगली जागा त्यांना कुठे मिळणार! आतला गुळगुळीतपणा मात्र त्यांचा नव्हता, तो लोहाच्या पापुद्र्याची मूळची झिलई होती.

जीवाश्म घरट्यांच्या अभ्यासात हा धोका नेहमीचा आहे. जुन्या दगडात नवा पाहुणा येऊन राहतो आणि फोटोत दोघांचे वय एकच दिसते. म्हणून कोणते कोणाला छेदते, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गोळे

मुठीएवढे गोळे फोडले. आत एकाखाली एक कांद्यासारखे पदर आणि मध्यभागी घट्ट लोह. अंड्याची खोली नाही, बाहेर पडण्याचे भोक नाही, कवच आणि गाभा यांत फरक नाही. जांभ्यात असे लोहाचे गोळे होतातच.

ग्रुपवरच्या दाव्याचा दुसरा भाग, गवताच्या माळरानाचा, या गोळ्यांवरच उभा होता. कोणीतरी शेणकिड्यांच्या गोळ्यांबद्दल वाचले असावे. समजा हे गोळे खरेच शेणकिड्यांचे निघाले असते, तरी तेवढ्यावर माळरान सिद्ध झाले नसते. अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातल्या ग्रान बारांका इथला अनुभव या बाबतीत सांगण्यासारखा आहे. तिथे जुन्या मातीच्या थरांत शेणकिड्यांचे गोळे आहेत आणि उंच दातांच्या शाकाहारी प्राण्यांची हाडेही आहेत. उंच दात म्हणजे गवत चरणे, गोळे म्हणजे चराऊ माळ, आणि म्हणून सुमारे ३ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी तिथे गवताळ प्रदेश होता, असे बरीच वर्षे मानले गेले. २०१३ साली त्याच थरांतल्या, वनस्पतींच्या पेशींत तयार होऊन मागे उरणाऱ्या सूक्ष्म सिलिका-कणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि उघड्या गवताळ प्रदेशाचा पुरावा तिथे मिळाला नाही. शेणकिड्याला जनावराचे शेण पुरते. ते जनावर पाला खाते की गवत, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आणि गवत असणे म्हणजे माळरान असणेही नव्हे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या शेणाचे जीवाश्म सापडतात. त्यांत गवताचे सिलिका-कण असल्याचे २००५ साली दाखवले गेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भात गवत होते हे त्यातून ठरले. त्यावरून कोणी तिथे माळरान पसरलेले होते असे म्हणत नाही.

कोकणापुरते बोलायचे तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही ठिकाणी जांभ्याच्या खाली लिग्नाइट आणि काळ्या चिकणमातीचे थर आहेत, आणि त्यांत कोळसा झालेले लाकूड मिळते. हे थर मायोसीन काळातले (सुमारे सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीचे) मानतात. त्यांतले परागकण उष्ण, दमट वनाकडे आणि खाजणाकडे बोट दाखवतात. माळरानाचा दावा करणाऱ्याला आधी या थरांना उत्तर द्यावे लागेल.

आजचा सडा काय सांगतो

खाण बघून झाल्यावर सर आणि मी सड्यावर फिरलो, ते आजची घरटी बघायला. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवले ते या फिरण्याने. उघड्या कातळावर काहीच नाही; तिथे मातीच नाही. ढोरे चरतात त्या गवताच्या पट्ट्यात शेणाखाली शेणकिड्यांची बिळे. पायवाटेच्या तुडवलेल्या, उघड्या मातीत एकट्या माश्यांची बिळे. पावसाळ्यात जिथे पाणी साचते तो भाग सोडून, थोड्या उंचवट्यावर. सड्याची कड उतरून काजूच्या बागेत शिरलो की वारुळे. हे सगळे हाकेच्या अंतरात आणि एकाच पावसाखाली, जो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो.

समजा हा सडा आज आहे तसा गाडला गेला आणि पुढे कधीतरी कोणी एकाच जागी खणले. वारूळ लागले तर तो म्हणेल जंगल, पायवाट लागली तर म्हणेल कोरडी उघडी जमीन. दोन्ही खरे आणि दोन्ही अपुरे. घरटे आपल्या जवळपासचे बोलते. मोठ्या प्रदेशाच्या हवामानाबद्दल काही म्हणायचे असेल तर एकाच जुन्या जमिनीत अनेक जागी, अनेक प्रकारची घरटी मोजावी लागतात. कोणती आहेत याबरोबरच कोणती नाहीत, हेही लिहावे लागते.

सरांनी तिथे विचारलेला प्रश्न मला नेमका वाटला. "खाणीत घरटी मिळाली नाहीत, म्हणजे त्या काळी इथे कीटक राहत नव्हते असे म्हणायचे का?" अजिबात नाही. चिऱ्याचा थर ही जुनी जमीन नव्हे, जमिनीच्या खालची बाजू आहे. माश्या आणि शेणकिडे बहुतांशी वरच्या एखाद्या मीटरभर मातीत राहतात. ती माती पावसाने केव्हाच धुऊन नेली, किंवा जी थोडी उरली तिचा वरचा कडक कातळ झाला. खोल जाते ती वाळवी. तिचे बोगदे काही मीटर खाली उतरू शकतात. तेव्हा चिऱ्यात काही मिळायचे तर वाळवीचेच मिळेल, बाकीच्यांचे तिथे शोधणे व्यर्थ. त्यातही दीर्घ काळ लोह विरघळत आणि पुन्हा थिजत राहिल्याने मूळ आकार पुसला गेला असण्याची शक्यता मोठी. उरुग्वेत घरट्यांचा वरचा थरच लोहाने घट्ट होऊन टिकला, म्हणून ती मिळाली.

मग कोकणात बघायचे कुठे

दोन जागा मला सुचतात. पहिली म्हणजे काळ्या कातळाच्या कड्यात दोन लाव्हांच्या मध्ये दिसणारे लाल मातीचे पट्टे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला, पण एका दमात नाही. दोन उद्रेकांमध्ये जिथे उसंत मिळाली तिथे खालच्या लाव्ह्याची वरची कड झिजून माती होऊ लागली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती भाजून झाकून टाकली. ही खरी झाकलेली जमीन आहे, वरच्या कडेसकट. वाईट गोष्ट एवढीच की बहुतेक पट्टे पातळ आहेत आणि उष्णतेने त्यांची कड बदलली आहे. सड्याच्या पायथ्याशी समुद्राच्या बाजूला असा एक पट्टा आम्हाला दिसला. ओहोटीच्या वेळी त्याच्याजवळ जाता येते. त्यात काही मिळाले नाही, पण तो हातभर लांबीचाच उघडा होता.

दुसरी जागा पुळणीच्या मागची. शिंपल्यांचा आणि वाळूचा चुन्याने बांधला गेलेला दगड, ज्याला कोकणात करल म्हणतात, आणि त्याच्या आसपासच्या जुन्या वाळूच्या टेकड्या. चुना असलेल्या किनारी वाळूत कीटकांच्या कोठड्या किती छान टिकतात हे जगात इतरत्र दिसले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एका जातीच्या सोंड्या किड्याचे चुनखडीचे कोश ढिगाने मिळतात. पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर तर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या माश्या कोठड्यांतच वाळून राहिलेल्या सापडल्या, परागाच्या शिदोरीसकट. हा शोध २०२३ साली प्रसिद्ध झाला. कॅनरी बेटांवरच्या कोठड्यांनी मात्र तज्ज्ञांनाच आपसांत भांडायला लावले. आधी त्या माश्यांच्या ठरल्या, मग कोणी म्हणाले किड्यांच्या कोशांच्या, कोणी म्हणाले टोळांच्या अंड्यांच्या. यांतले जे खरे मानाल त्यावर त्या काळचे हवामान बदलते, म्हणून वाद शब्दांपुरता राहिला नाही. आपल्याकडे एक फरक लक्षात ठेवायला हवा. तिथले किनारे कोरडे आहेत. कोकणातला पाऊस चुना विरघळवतो, तेव्हा टिकण्याची शक्यता कमी. तरी करलाला नीट छेद घेऊन भिंगाखाली बघण्याचे काम एखाद्या कॉलेजच्या मुलांना सहज करता येईल. सौम्य आम्लाचा एक थेंब टाकला तर करल फसफसतो, जांभा नाही, एवढी तयारी पुरते.

निर्णय

मी लेखी दिले ते थोडक्यात असे: खाणीच्या भिंतीतल्या नळ्या जांभ्याच्या घडणीतल्या आणि काही मुळांच्या, पोकळ्यांतली मातीची घरे आजच्या कुंभारमाश्यांची, गोळे लोहाचे. यांपैकी कशावरूनही जुन्या हवामानाबद्दल काही सांगता येत नाही आणि या कारणासाठी काम थांबवण्याची गरज नाही.

तरुणांपैकी एकाला हे आवडले नाही. तुम्ही खाणवाल्याच्या बाजूने लिहिले, असे तो म्हणाला. सड्यावर बेसुमार खाणी खोदण्याला विरोध करायला भरपूर कारणे आहेत: विहिरींचे पाणी, पावसाळ्यात सड्यावर फुलणारी रानफुले, आणि तिथे असू शकतील अशी कातळशिल्पे. ती कारणे घेऊन लढावे, मीही सोबत येईन. खोट्या जीवाश्मावर उभा केलेला विरोध पहिल्याच तपासणीत पडतो आणि मग खऱ्या कारणांचेही कोणी ऐकत नाही.

एक दगड मात्र निकालात बसला नाही. खाण सुरू करताना वरचा कडक कातळ काढून बाजूला टाकतात, कारण त्याचे चिरे निघत नाहीत. त्या ढिगाऱ्यात सरांना एक तुकडा मिळाला. त्यात सारख्या जाडीच्या दोन नळ्या वळण घेऊन एकमेकींना मिळतात, आणि नळीभोवतीचे अस्तर बाजूच्या दगडापेक्षा बारीक कणांचे आहे. अस्तरही लोहाने घट्ट झालेले आहे, नखाने सुटत नाही. वाळवीचा बोगदा असू शकेल. पण ढिगाऱ्यातला दगड. वर कोणती बाजू होती, कातळात किती खोल होता, शेजारी काय होते, यातले काहीच उरलेले नाही. एवढ्यावर मी त्याला घरटे म्हणणार नाही.

त्यामुळे मालकाकडे एकच मागणी केली आणि ती त्याने मान्य केली. दिवाळीनंतर सड्याचा पुढचा पट्टा उघडायचा आहे. तिथला वरचा कातळ यंत्राने ढकलून देण्याआधी सरांना कळवायचे, आणि त्यांनी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन त्याची उघडी कड जागेवरच मोजून, उत्तर दिशा दाखवून, पट्टी ठेवून फोटो काढायचे. चिऱ्याच्या थराला हात लावायचा नाही. मालकाने विचारले, मुलांना जेवण घालायला लागेल काय. सरांनी सांगितले, डबे घेऊन येतील.